अजगर कुठे आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी एका सर्पोद्यानात तेवीस वर्षं कीपर म्हणून नोकरी केली. पिंजरे झाडायचे, पाणी बदलायचं, सापांना खायला घालायचं आणि रविवारी गर्दीला काचेपासून दूर ठेवायचं, असं साधं काम. या तेवीस वर्षांत लोकांनी मला दोन प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा विचारले. सुरुवातीच्या काळातला प्रश्न होता, ‘काका, हा अजगर खरा आहे का?’ नंतरच्या काळातला प्रश्न होता, ‘काका, अजगर कुठे आहे?’ पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंत आम्ही कसे पोचलो, ते आज सांगणार आहे. त्यात थोडी शरमेची गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

१९९४चा नोव्हेंबर महिना होता. ऊसतोडणी चालू होती. एका फडात अजगर निघाला आणि शेतकऱ्यांनी आम्हाला बोलावलं. चांगला नऊ फुटी नर. पोत्यात घालून आणला. आमच्याकडे त्याच्यासाठी सहा फूट बाय चार फुटांची खोली तयार होती. धुवायला सोपं म्हणून खाली-वर पांढऱ्या टाइल्स, समोर काच, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात पाण्याचं घमेलं. आम्हाला त्या खोलीचा अभिमान होता. दवाखान्यासारखी स्वच्छ!

पहिले आठ-दहा दिवस तो काचेला नाक लावून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखा फिरत राहिला. लोक खूश. ‘बघ, बघ, कसा खेळतोय!’ आम्हीही खूश. पंधरा दिवसांत त्याच्या नाकाचं कातडं सोलवटलं. मग एके दिवशी तो फिरायचा थांबला आणि मागच्या कोपऱ्यात घट्ट वेटोळं घालून बसला. आम्ही एकमेकांना म्हणालो, ‘रुळला.’

हा ‘रुळला’ शब्द लक्षात ठेवा. आमची पहिली चूक त्या शब्दात होती.

तो काही खाईना. कोंबडी आत सोडली तर तिच्याकडे बघेना. एकदा सकाळी पाहतो तर कोंबडी त्याच्याच वेटोळ्यावर बसून झोपलेली. आम्ही हसलो, पण कार्यालयाला काळजी लागली. ‘उपाशी मेला तर जबाबदारी कोणाची?’ शेवटी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चौघांनी त्याला धरला, जबडा उघडला आणि मांसाचे तुकडे आत ढकलले. धरणाऱ्यांत मी होतो. तिसऱ्या दिवशी त्याने ते सगळं ओकून टाकलं. खोलीत उभं राहवेना असा वास. आम्ही पुन्हा भरवलं. महिनाअखेरीला तो मेला.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. पोटातला घास तसाच सडलेला होता आणि फुप्फुसात पू झाला होता. हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, ‘हा उपाशी नाही मेला. थंडीने मेला, आणि आपल्या काळजीने मेला.’ रजिस्टरात मात्र मृत्यूचं कारण लिहिलं गेलं, ‘अन्नत्याग.’

आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ होते, आयुष्यभर साप पकडलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, ‘अरे, तुला पोरगी द्यायची असली तर आधी घर बघशील की नाही? याचं घर आपल्यापैकी कोणी बघितलंय का?’ कोणीच बघितलं नव्हतं. आम्ही अजगर पकडले होते, पण अजगर आपल्या मनाने दिवस कसा घालवतो हे एकानेही बसून पाहिलं नव्हतं.

साप ‘थंड रक्ताचा’ असतो असं आपण शाळेत शिकतो. हा शब्द फसवा आहे. सापाचं रक्त थंड नसतं, त्याला स्वतःची भट्टी नसते एवढंच. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. सापाला तो खर्च नाही, म्हणून तो एका जेवणावर आठवडेच्या आठवडे काढतो. पण त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. कधी उन्हात, कधी सावलीत, कधी बिळात असं जागा बदलत तो अंगाचं तापमान राखतो. ऊब मिळाली नाही तर गिळलेलं पचत नाही आणि रोगाशी लढायची ताकदही कमी होते. आमच्या टाइल्सच्या खोलीत ना ऊन होतं, ना बीळ. सगळीकडे एकसारखा गारठा. जागा बदलून त्याने जायचं कुठे?

गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातला १९८९चा एक लेख काढून दिला. राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्याला ते पक्ष्यांसाठी माहीत असतं, पण तिथे अजगरही चांगल्या संख्येने आहेत. सुब्रमण्यन भूपती आणि विजयन या संशोधकांनी त्या अजगरांचा अभ्यास केला होता. मॅडमनी एकेक ओळ मराठीत समजावून सांगितली आणि वर म्हणाल्या, ‘वाचून अर्धंच कळेल. जाऊन या.’

१९९६च्या जानेवारीत मी रजा काढून, पदरचे पैसे घालून भरतपूरला गेलो. धुकं इतकं, की हातभर अंतरावरचं दिसेना. तिथले सायकल-रिक्षावालेच वाटाड्याचं काम करतात. माझा रिक्षावाला साठीचा होता. त्याने मला एका उंचवट्यापासून बऱ्याच अंतरावर बसवलं आणि म्हणाला, ‘बैठो साहब, धूप आने दो.’

साडेदहाच्या सुमारास धुकं विरलं. उंचवट्यात साळिंदराने खणलेलं बीळ होतं. त्यातून आधी एक तोंड दिसलं. दहा मिनिटं नुसतं तोंड. मग हातभर अंग, मग एक वेटोळं. पण सगळा अजगर बाहेर आला नाही. अर्धं अंग उन्हात, अर्धं बिळात. साडेबाराला तो पुरा बाहेर होता, अंग सैल सोडून, जणू कोणी ओली दोरी वाळत घातली आहे. तीनच्या पुढे ऊन उतरलं तसा तो एकेक वेटोळं आत ओढत गेला. मध्ये एकदा दोन पर्यटक जवळ आले, तर एवढं मोठं धूड बघता बघता बिळात नाहीसं झालं. ते लोक गेल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा तोंड बाहेर.

मी चार दिवस तिथे बसलो आणि वहीत वेळा लिहीत गेलो. चार दिवसांत त्या अजगराने काही खाल्लं नाही. त्याच बिळात साळिंदराचाही वावर होता. त्याच्या विष्ठा आणि काटे तोंडाशी पडलेले होते. मी रिक्षावाल्याला विचारलं, हा खातो कधी? तो हसून म्हणाला, ‘सर्दी में ये खाना नहीं खाता साहब. सर्दी में बस धूप खाता है.’

श्रोतेहो, त्या क्षणी मला आमचा मेलेला अजगर आठवला. ऐन थंडीत, जेव्हा त्याच्या जातीचा कुठलाही प्राणी जेवायला तयार नसतो, तेव्हा आम्ही चौघांनी त्याला धरून जेवू घातलं होतं.

परत आलो तेव्हा सर्पोद्यानात दुसरा अजगर होता. एका विहिरीतून आदल्या पावसाळ्यात काढलेली मादी, त्याच टाइल्सच्या खोलीत. मामा, मी आणि आणखी एक कीपर अशा तिघांनी मिळून खोली बदलायला घेतली. नवा खर्च जवळजवळ नव्हताच. टाइल्सवर माती आणि पालापाचोळा टाकला. गोदामात पडलेला सिमेंटचा रुंद पाइप अर्धा मातीत पुरला, हे झालं बीळ. छपराचा एक पत्रा काढून जाळी बसवली, त्याखाली काळी फरशी ठेवली. थंडीसाठी जाळीच्या बाहेरून बल्ब. बल्ब आत ठेवला तर साप त्याला बिलगून भाजून घेतो, हेही आम्ही आधी एकदा पाहिलं होतं. घमेल्याच्या जागी आख्खं अंग बुडेल असा टब. आडवी जाड फांदी. आणि काचेच्या खालच्या फूटभर भागाला आतून मातीचा लेप, म्हणजे जमिनीवरून जाताना तिला काच ‘मोकळी वाट’ वाटू नये.

ती पाइपमध्ये शिरली ती नऊ दिवस आम्हाला दिसलीच नाही. दहाव्या दिवशी मातीवर तिच्या सरपटण्याची रेघ उमटलेली होती. रात्री सगळी खोली फिरून आली होती. नाक घासणं बंद झालं. मार्चमध्ये, ऊन तापल्यावर, एका रात्री आत ठेवलेली कोंबडी तिने आपणहून खाल्ली. आम्ही तिघांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले.

पण तक्रारवहीत नोंदी सुरू झाल्या. ‘तिकीट काढूनही अजगर दाखवला नाही.’ ‘पिंजरा रिकामा आहे, पैसे परत मिळावेत.’ कार्यालयातून हुकूम आला, दर रविवारी पाइप काढून ठेवा. लोकांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. लांबून एसटीने पोरंबाळं घेऊन आलेला माणूस काहीतरी पाहायलाच आलेला असतो. शेवटी मामांनीच तोड काढली. पाइपचं एक तोंड काचेकडे वळवून लावलं, म्हणजे डोळ्यांना हाताचा आडोसा करून पाहिलं की आत अंधारात एखादं वेटोळं दिसे. आणि मी रंगाने पाटी लिहिली, ‘अजगर बिळात आहे. सकाळी दहा ते बारा उन्हात येतो. कृपया वाट पाहावी.’ तेव्हापासून लोक विचारू लागले, ‘अजगर कुठे आहे?’ ज्याला लपायला जागा आहे, त्याच्याच बाबतीत हा प्रश्न पडतो.

मग मला एक सवय लागली. रोज सकाळी झाडू मारायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. हळूहळू कळलं, की अजगराचं ‘काही न करणं’ एका प्रकारचं नसतं. वेटोळं सैल, डोकं वर ठेवलेलं, जीभ अधूनमधून लवलवते, तो विश्रांतीत आहे. वेटोळं घट्ट आणि डोकं आत खुपसलेलं, तो घाबरलेला आहे. आमच्या पहिल्या अजगराचं ‘रुळणं’ हेच होतं. डोळे दुधाळ झाले, अंगाची चमक गेली, म्हणजे कात टाकायची वेळ आली. त्याला धड दिसत नाही, तेव्हा खायलाही घालू नका आणि हातही लावू नका. दिवसभर टबात बुडून बसला तर उकाडा वाढलाय किंवा अंगावर गोचिडं झाली आहेत, पाहून घ्या. यातलं काही मी शोधून काढलं नाही. ते रोज माझ्यासमोर घडत होतं, मी झाडू मारत होतो.

आणि मग १९९८चा एप्रिल आला. त्या हिवाळ्यात मादीबरोबर एक नर ठेवला होता. एका सकाळी पाहतो तर तिने पाइपच्या तोंडाशी अंड्यांचा ढीग रचलेला, बावीस अंडी. त्यांच्याभोवती अंगाची वेटोळी, वर झाकणासारखं डोकं. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या लक्षात आलं, की तिच्या अंगाला झटके येताहेत. उचकी लागल्यासारखे, ठरावीक अंतराने. कार्यालयात घबराट. आजारी आहे, अंडी काढून बल्बखाली ठेवा, तिला औषधोपचार करा, असं ठरू लागलं. मला पहिला अजगर आठवला. मी डॉक्टरांचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, फक्त दोन दिवस बघू.

ते दोन दिवस मी आणि मामा आळीपाळीने घड्याळ घेऊन बसलो. दुपारी कडक उन्हात झटके बंद. रात्री अकरानंतर सुरू. पहाटे सगळ्यांत जास्त, मिनिटाला आठ-दहा. आजाराला घड्याळ कळत नाही, मग हे काय? तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लांब काडीला बांधलेला थर्मामीटर वेटोळ्यांत सरकवला. खोलीत होतं २६ अंश, वेटोळ्यांत ३१. ती आजारी नव्हती. ती कुडकुडून अंडी उबवत होती.

मॅडमकडे धावत गेलो, तर त्या म्हणाल्या, ‘अहो, यावर तर शंभर वर्षं वाद झाला आहे.’ लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी भारतात राहून गेला होता. त्याने अजगर अंडी उबवतो असं पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं, त्यांनी ते उडवून लावलं. मग १८४१मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक अजगरीण अंड्यांवर बसली आणि व्हालेन्सिएन या शास्त्रज्ञाने थर्मामीटर लावून पाहिलं, वेटोळी खरोखरच गरम होती. तरी शंका घेणारे होतेच. १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर हचिसन, डाउलिंग आणि विनेगर यांनी नीट मोजमाप केलं. हवा ३३ अंशांच्या खाली गेली, की तिचं आकुंचन सुरू होई. हवा जितकी गार, तितके झटके जास्त. या दोन्ही माद्या आपल्या अजगराच्या जवळच्या भाऊबंदांतल्या, ब्रह्मी अजगर जातीच्या होत्या. ज्याला स्वतःची भट्टी नसते म्हणून मी मघाशी सांगितलं, तोच प्राणी पिल्लांसाठी दोन महिने भट्टी पेटवतो, तेही उपाशी राहून. आमच्या बावीसपैकी सतरा अंडी जूनअखेरीस, पावसाच्या तोंडावर फुटली. वनखात्याच्या परवानगीने पिल्लं जंगलात सोडली. ती मादी त्या उन्हाळ्यात निम्मी झाली होती, पण जगली.

असंच मगरीच्या बाबतीत घडलं आहे. सांगलीकडची कृष्णाकाठची माणसं मगर ओळखतात. मगर तोंडात पिल्लू धरताना दिसली, की पूर्वी लोक म्हणायचे, आई आपलीच पिल्लं खाते. चेन्नईजवळ रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६मध्ये मगरींचं संवर्धन केंद्र उभारलं, क्रोकोडाइल बँक. तिथे मगरींना डबकी, वाळू आणि मोकळी जागा होती, आणि पाहणारी माणसं होती. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, आई घरटं उकरते आणि ज्या जबड्याने हाड मोडतं त्याच जबड्यात पिल्लांना अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते, हे तिथे अनेकदा पाहिलं गेलं. इतकंच नाही, तर बापही हे काम करतो, असा शोधनिबंध १९८६मध्ये तिथल्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध झाला.

आता माझ्या एका चुकीचीही कबुली देतो. मी वर्षानुवर्षं लोकांना ठासून सांगितलं, साप पुंगीवर डोलत नाही, कारण तो ठार बहिरा असतो. तो पुंगीच्या हालचालीकडे बघून डोलतो हे खरंच आहे. पण २०२३मध्ये ऑस्ट्रेलियात पाळीव सापांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. जमिनीतून कंप न देता, नुसता हवेतून आवाज दिला, तरी सापांनी प्रतिसाद दिला. काही आवाजापासून दूर गेले, एका जातीचा अजगर उलट आवाजाकडे आला. म्हणजे कान दिसत नसले तरी ते अगदीच बहिरे नाहीत. नागपंचमीला साप दूध पितो ही समजूत मी खोडत होतो, ती खोडायलाच हवी; गारुड्याने दिवसचे दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो. पण समजुती खोडणाऱ्यानेही आपली वही बंद करू नये, एवढं मी शिकलो.

शेवटी दोन विनंत्या. आपल्याकडचा अजगर १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. घरात, शेतात साप निघाला तर महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तो फिरवा. हल्ली शहरांत परदेशी अजगर आणि इग्वाना पाळायची हौस वाढली आहे. अशा प्राण्यांची २०२४च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. पण नोंदणीचा कागद तुम्हाला तो प्राणी शिकवत नाही. काचेच्या पेटीत तो शांत पडून आहे म्हणून तो सुखात आहे, असं समजू नका. आम्हीही एकदा तसंच समजलो होतो.

आणि सर्पोद्यानात जाल तेव्हा काचेवर टकटक करू नका. एकाच पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. मी निवृत्त होण्याच्या आदल्या रविवारी एक सात-आठ वर्षांची मुलगी पाटी वाचून मला म्हणाली, ‘काका, अजगर कुठे आहे?’ मी पाइपकडे बोट दाखवलं. तिचे बाबा म्हणाले, ‘चल, पुढे बरेच साप आहेत.’ ती म्हणाली, ‘तुम्ही जा. मी थांबते.’ पावणेअकरा वाजले होते, ऊन फरशीवर यायला अजून थोडा वेळ होता. मग मीही झाडू भिंतीला टेकवून तिच्या शेजारी उभा राहिलो.